जीपमागची साखळी

परवा गास गावात एका लग्नाला गेलो होतो. जेवताना पांढऱ्या केसांच्या एक बाई समोर आल्या आणि नातवाला म्हणाल्या, "नीट बघून घे यांना. यांनी साखळी लावली होती म्हणून तुझी आजी आहे." माझा घास तोंडातच राहिला...

या सिसिल टीचर. मी त्यांना पाहिलं होतं तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या, बस्त्यावकाकांची धाकटी मुलगी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गोखिवऱ्याला आमचं छोटं वर्कशॉप होतं. वडील नुकतेच गेले होते, म्हणून तेविसाव्या वर्षी शेठ झालेला मी... आयटीआयचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलेलं, आणि डोक्यात हवा भरलेली. वडिलांबरोबर वीस वर्षं काम केलेले कामणचे दामू मिस्त्री तेवढे मला सांभाळून घेत होते.

बस्त्यावकाकांची केळीची वाडी होती. केळ्यांचे लोंगर, म्हणजे मोठे घड, स्टेशनला न्यायला त्यांना जुन्या जीपमागे दोन चाकी ट्रॉली हवी होती. मापं दिली, जोडायचं कसं ते तुम्ही ठरवा म्हणाले आणि गेले.

मिस्त्री म्हणाले, जीपला आकडा आणि ट्रॉलीच्या दांड्याला कडी. मी म्हटलं, हॅट, ती तर बैलगाडीची तऱ्हा झाली. मी एका परदेशी कॅटलॉगात चित्र पाहिलं होतं... जीपला लोखंडी गोळा, त्यावर दांड्याची वाटी बसते, खडखड नाही, दिसायला झकास.

"सडकंवर चालंल तो," मिस्त्री म्हणाले. "पन वाडीत पाट हायेत. मागं वजन जास्त झालं का दांडा वर उचलनार, वाटी निसटनार. आकडा वाजंल, पन सोडनार नाय."

किती साधं होतं ते. रस्ता कसा आहे, माल कसा भरणार, चालवणार कोण... एवढं विचारूनच जोड निवडायचा असतो. मी काहीच विचारलं नाही. शेठ कोण आहे, एवढंच विचारलं.

मिस्त्रींनी गोळा माझ्या चित्राप्रमाणे बसवला, वाटी केली. आणि ट्रॉली न्यायच्या दिवशी सकाळी बघतो तर दांड्यापासून जीपपर्यंत एक जाड साखळी जोडलेली. शेळी बांधताय का, म्हणून मी खूप हसलो. पण त्यांनी साखळी काढली नाही.

पंधरा दिवसांत व्हायचं ते झालं. लोंगर मागच्या बाजूला जास्त भरले होते आणि त्यांवर सिसिल बसली होती. बावखलाच्या काठाने जाताना, ते वाडीतलं तळं, केवढं खोल पाणी, जीप पाटावरून उडाली आणि वाटी गोळ्यावरून निसटली. ट्रॉली पाण्याकडे घसरली... आणि साखळीला लटकून थांबली.

दुसऱ्या दिवशी काका वर्कशॉपमध्ये आले ते थेट मिस्त्रींवर तुटून पडले. "अरे, केस पिकले तुझे, आणि साधा जोड लावता येत नाही? पोर गेली असती माझी." मग माझ्याकडे वळून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. शिकलेल्या माणसाचं डोकं म्हणून साखळी सुचली, म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मी काकांना म्हटलं, "बसा, चहा मागवतो."

मिस्त्री कानस उचलून पुन्हा कामाला लागले. त्याच आठवड्यात त्यांनी गोळा काढून आकडा बसवून दिला. त्यानंतर तीन वर्षं ते माझ्याकडे होते, पण कधी सल्ला दिला नाही. साधा कोयंडा असला तरी विचारायचे, "शेठ, कोनता लावू?" आणि मग एक दिवस कामणला गेले ते गेलेच. दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं. मी तेव्हाही गेलो नाही, कुठल्या तोंडाने जाणार होतो...

हे सगळं परवा सिसिल टीचरना सांगितलं. पत्रावळीसमोर बसून, पन्नास वर्षांनी.

त्या म्हणाल्या, "आमच्या घरी रोज संध्याकाळी रोझरीची प्रार्थना व्हायची. शेवटी आई तुमचं नाव घ्यायची, मरेपर्यंत. आईनंतर मी घेते."

मला वर बघवेना. त्यांनी नातवाला जवळ ओढलं आणि विचारलं, "त्या मिस्त्रींचं नाव काय होतं? पूर्ण सांगा."

दामोदर गोविंद पाटील, कामण. मी सांगितलं, आणि माझं नाव आता घेऊ नका, असंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "दोन्ही घेईन. तुम्हाला जास्त गरज आहे."