पहिली डेअरी त्याच्या गावची

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सॉफ्टवेअर टेस्टर कुणाच्याच कामाला चांगलं म्हणत नाही. "चालतंय की" ही त्याची सगळ्यात मोठी शाबासकी. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, पण मला तीही कधी मिळाली नव्हती.

आमचं ॲप गावोगावच्या दूध डेअऱ्या वापरतात. नवी सोय ऑफिसात बसून हव्या त्या डेअरीपुरती चालू-बंद करता यावी, म्हणून मी त्यात फीचर फ्लॅगची, म्हणजे अशा स्विचांची, तयार कोड-लायब्ररी बसवली. पहिला स्विच मीच बनवलेल्या, दुधाची फॅट दाखवणाऱ्या नव्या स्क्रीनला लावला. आधी कुठं चालू करायचा, असं मी टेस्टरला विचारलं.

"माझ्या गावात. शिव्या घरच्यांच्या खाव्यात, पावणं. पचत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं म्हशीच्या दुधापुढं गाईची फॅट दिसू लागली. त्यानं चहा पीत पीत स्विच बंद केला. जुना स्क्रीन परत आला, आणि पाठोपाठ त्याच्या चुलत्यांचा फोन. आवाज मलाही ऐकू येत होता.

"म्हस माझी आन् फॅट गाईची व्हय रं? कुठल्या शहाण्यानं केलंय ह्ये?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"म्याच केलंय, तात्या."

मग तात्यांच्या सगळ्या शिव्या त्यानंच खाल्ल्या. फोन ठेवून मला म्हणाला, "दुरुस्त करा. उद्या परत तात्यांच्याच डेअरीत लावू."