मात झाल्यावरची पहिली खेळी

नागनाथअप्पा गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. परळीत फ्लेक्स बातमीच्या आधी पोचतो. वर आमच्या पुढाऱ्यांचा, म्हणजे साहेबांचा, हसरा चेहरा. वाटलं, वाढदिवस असेल... मग खालच्या कोपऱ्यात, साहेबांच्या निम्म्या आकाराचे, अप्पा दिसले.

अप्पांचं भांड्यांचं दुकान. गावच्या बुद्धिबळ मंडळात आम्ही दोघंही वर्षानुवर्षं एकाच वकिलांकडून हरत आलो. माझं सोडा, कॉलेजात शिकवून मला हरायची सवय होती. अप्पांना मात्र स्पर्धेत एकदा तरी वकिलांना हरवायचं होतं. लातूरच्या डॉक्टरांनी हृदयाबद्दल नको ते सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “सर, या वर्साला न्हाई तर न्हाईच.”

वकिलांविरुद्धच्या अंतिम सामन्यात चिठ्ठीनं त्यांना काळी मोहरी दिली. मी चुकचुकलो. अप्पा म्हणाले, “कावून? लई बरं झालं. गिऱ्हाईक आधी बोलंल, मग आपण.”

पांढऱ्याची पहिली खेळी साहेबांच्या शुभहस्ते व्हायची होती. साहेब येईनात, तेव्हा वकिलांनीच कंटाळून प्यादं सरकवलं. पुढं त्यांनी घोडा फेकून हल्ला चढवला. अप्पांनी घोडा घेतला आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकापुढं बसावं तसे बसून राहिले. हल्ला दमला, तशी काळी मोहरी पुढं आली. शेवटी हत्तीनं मात.

“कधी शिकलाव हे, अप्पा?” वकिलांनी विचारलं.

“तुमीच शिकवलंत की. दर साली हरवून.”

अप्पांची पटावरची नजर हटत नव्हती... तेवढ्यात गाड्यांचे हॉर्न वाजले. मंडळाच्या सेक्रेटरींनी एका फटकाऱ्यात पट मोकळा केला आणि मोहरी पुन्हा मांडली.

“अहो, मात तरी बघू द्या त्येन्ला!” अप्पा म्हणाले.

“साहेबाला काय कळतंय त्यातलं? बसा, फोटो हाय.”

साहेबांनी प्यादं उचललं आणि नियमातली दोन सोडून थेट तीन घरं पुढं ठेवलं. टाळ्या झाल्या.

डाव लिहून ठेवायची आमच्याकडं पद्धत नाही. अप्पांच्या मातीला जाऊन आल्यावर मी आणि वकील शेवटची मांडणी जुळवायला बसलो. मी हत्ती एका घरात ठेवायचो, ते दुसऱ्या. “ऱ्हाऊ द्या, सर,” म्हणत त्यांनी मोहरी डब्यात भरली. आता ती मात कुणालाच आठवत नाही.

कोट घातलेला अप्पांचा फोटो त्या दिवशीचा तेवढाच. दुकानात हार घालून लावलाय. साहेब कॅमेऱ्याकडं बघतायत, वकील साहेबांकडं. अप्पा त्या प्याद्याकडं बघतायत, आणि ते मागं घ्यायला त्यांचा हात उचललेला आहे... पोचलेला नाही.