रंगाच्या बादलीतलं वरण

भूकंपात आमच्या घरातलं माणूस एकही गेलं नाही, पण फुटण्यासारखं होतं ते सगळं फुटलं. रांजण, माठ, लोणच्याच्या बरण्या. तेव्हापासून आईने मातीच्या भांड्यांशी कायमची कट्टी केली. "फुटनारं काई घरात नको," म्हणायची. आम्ही लातूरला राहायला आलो तेव्हा तिचा सगळा संसार प्लास्टिकचा झाला होता. तवा तेवढा प्लास्टिकचा यायचा राहिलाय, असं मी चिडवायचे.

पुढे लातुरात क्लासेसचं पीक आलं. गल्लोगल्ली इमारती उठल्या आणि रंगाऱ्यांकडे झाकणाच्या रिकाम्या बादल्यांचे ढीग लागले. आई क्लासच्या पोरांना डबे द्यायची. तिला त्या बादल्या म्हणजे लॉटरीच. घासून घासून तिने त्या लख्ख केल्या. गॅसवरून उतरवलेलं उकळतं वरण थेट त्यात ओतायचं आणि झाकण दाबायचं, की दुपारपर्यंत गरम राहायचं. डबे भरून झाले की तळाशी उरलेलं वरण ती स्वतः भाकरीशी खायची. वर्षानुवर्षं हेच चाललं.

मग तिचे पाय सुजायला लागले. चेहरा पांढराफटक पडला. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, दोन्ही किडन्या निकामी होत चालल्यात, रक्तही फार कमी झालंय. बीपी नाही, शुगर नाही, म्हणून त्यांनी खाण्यापिण्याची चौकशी केली. मी बादलीचं कौतुकानेच सांगितलं. ते लिहायचे थांबले.

"उकळतं वरण, रंगाच्या बादलीत? अहो, त्या प्लास्टिकमधलं रसायन गरम अन्नात उतरतं. किडनीला बाधतं, रक्तालाही. यांचं दुखणं त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण आजपासून बंद."

मी हादरले. भूकंपात जमीन हलली तेव्हाही मी रडले नव्हते, आणि इथे खुर्चीत बसल्या बसल्या मला रडू फुटलं. जे फुटत नाही ते आपल्याला काही करत नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

आईने स्वतःबद्दल काहीच विचारलं नाही. बाहेर आल्यावर बाकड्यावर बसली आणि माझा हात घट्ट धरला.

"आगं, ती पोरं," ती म्हणाली. "त्यांच्या आयांनी माझ्या भरवशावर ठिवली व्हती. उपाशी राहू न्हाईत म्हून मी त्यांला दोन पळ्या जास्तच घालायची गं."