मी सासऱ्यांना बाकावर बसवलं

माझ्या सख्ख्या मेव्हण्याला मी दोन डावखुऱ्या माणसांच्या बदल्यात देऊन टाकलं, हे खरं आहे. पण आमच्या घरात जो प्रसंग ओढवला तो त्यामुळे नाही. तो सासऱ्यांना बाकावर बसवल्यामुळे ओढवला.

नीट सांगतो. काही लपवणार नाही, कारण माझ्या सासुरवाडीला, तिसगावात, सगळ्यांना माहीतच आहे.

मी संगमनेरला एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. माझ्या मोबाईलवर बेसबॉलचा एक खेळ आहे. मला बेसबॉल कळतो म्हणून घेतला असं नाही. चित्रात बॅट दिसली, क्रिकेट असेल असं वाटलं, आणि उघडल्यावर मागे फिरायची लाज वाटली. (कापडाच्या दुकानातूनही मी असाच न आवडलेले शर्ट घेऊन बाहेर पडतो.) या खेळात आपण स्वतः काहीच खेळत नाही. कोणी कितव्या क्रमांकावर बॅटिंगला यायचं ते ठरवायचं, बटण दाबायचं, आणि आतली माणसं खेळतात ते बघत राहायचं. इतकी वर्षं ऑफिसात काढल्यामुळे मला ते लगेच जमलं.

अडचण एकच होती. खेळाडूंची नावं अमेरिकन. कोण कोण आहे हे माझ्या लक्षातच राहीना. मग कळलं की नावं बदलता येतात. मी बसलो आणि सगळ्या संघाला नातेवाइकांची नावं देऊन टाकली! पहिला येणारा चपळ माणूस म्हणजे बायकोचे तुळशीराम मामा. बायकोचा धाकटा भाऊ दत्तू उजवीकडे मैदानात. चौथ्या क्रमांकावरचा धिप्पाड फलंदाज, ज्याच्या जिवावर सगळा संघ चालतो, तो म्हणजे आमचे सासरे, अण्णा. (राखीव खेळाडूंत आमचे साहेबही आहेत. प्रत्यक्षातही ते फारसे कामाला येत नाहीत.)

आणि या अण्णांनी, म्हणजे मोबाईलमधल्या अण्णांनी, त्या हंगामात कहर केला. बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी हजारात मोजतात. तीनशे म्हणजे माणूस भारी. चारशे म्हणजे अशी गोष्ट, की लोक म्हातारे होतात पण बघायला मिळत नाही. हंगामाच्या शेवटी ज्याची सरासरी चारशे, त्याचं नाव खेळातल्या एका सोनेरी भिंतीवर कायमचं लागतं. माझी भिंत वर्षानुवर्षं कोरी होती. अण्णा हंगाम निम्मा झाला तरी चारशेच्या वर होते! मी जेवताना मनातल्या मनात हसायचो. बायकोला वाटायचं, भाजी आवडली.

अशात खरे अण्णा आमच्याकडे राहायला आले. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन संगमनेरात झालं. सासूबाई म्हशी सोडून येईनात, म्हणून सगळी जबाबदारी सुनंदावर, म्हणजे माझ्या बायकोवर. डॉक्टरांनी सांगितलं होतं वाकू नका, ओझं उचलू नका, धुळीत जाऊ नका. सुनंदाने स्वतःच्या अधिकारात टीव्ही नाही, मोबाईल नाही, जिना नाही, हेही त्यात घातलं. अण्णा काळा चष्मा लावून हॉलमधल्या खुर्चीत बसले. जरा हलले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अण्णा, बसा!"

आयुष्यभर पहाटे उठून शेतावर जाणारा माणूस. दोन दिवसांत त्यांनी आमच्या पंख्याच्या आवाजात दोष काढला, चार दिवसांत शेजाऱ्यांच्या कुकरच्या शिट्ट्यांत. मला त्यांची दया आली, आणि दयेच्या भरात मी बोलून गेलो, "अण्णा, तुम्ही सध्या फार जोरात खेळताय!"

"कोन, म्या?"

मग मला सगळंच सांगावं लागलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंजी धा खेपा उभं राह्यचं आन् चार खेपा नीट मारायचं?"

"हो. मग चारशे."

"आन् सा खेपा बाद?"

"हो."

"तरी मोठा?"

"सगळ्यात मोठा, अण्णा!"

"बरा हाय खेळ," अण्णा म्हणाले. "आमच्या रानात धातली चार पिकं हाताला लागली तर लोक बघाया येतील. लावा."

त्या दिवसापासून संध्याकाळी चहा झाला की मी मोबाईल घेऊन त्यांच्या शेजारी बसायचो आणि मोठ्याने सांगायचो. "आता तुम्ही आलात... पहिला चेंडू सोडला... मारलाऽऽ!" अण्णा खुर्चीच्या हातावर थाप मारायचे. त्यांचा चेहरा असा खुलायचा की सुनंदाही पोळ्या लाटता लाटता विचारायला लागली, "अण्णांचं काय झालं?"

पण माझं एक चुकलं. मी त्यांना अख्खा संघ वाचून दाखवला.

"तुळशीराम माझ्याआधी?" अण्णांच्या कपाळावर आठ्या. "त्यो माझा मेव्हना हाय. मान कोनाचा?"

"अण्णा, बेसबॉलमध्ये चौथा क्रमांक मानाचा. आधीच्यांनी फक्त वाट करून द्यायची."

"मंजी नवरदेवाच्या म्होरं वाजंत्री चालत्यात तसं?"

"अगदी तसं!"

हे त्यांना पटलं. इतकं पटलं की त्यांनी लगेच माझ्याकडून तुळशीराम मामांना फोन लावून घेतला आणि ते वाजंत्री असल्याचं कळवलं. मामांनी ते दत्तूला सांगितलं. दत्तूने मला फोन केला.

"दाजी, म्या कुटं हाय?"

आता आली पंचाईत. कारण हंगामाच्या मध्यावर आम्हाला चेंडू फेकणारे कमी पडत होते, आणि दत्तू उजवीकडे उभा राहून सोपे झेल सोडत होता.

"दत्तू, तू... दुसऱ्या संघात गेलास."

"गेलो का धाडला?"

"धाडला."

"कोनाच्या बदल्यात?"

"दोन डावखुरे आहेत. चांगले आहेत रे."

पलीकडे विहिरीवरची मोटर बंद केल्याचा आवाज आला. मग दत्तू म्हणाला, "दोन मिळालं ना? मंग ठीक हाय. एकाच्या बदल्यात दिलं असतं तर वाईट वाटलं असतं." असा समजूतदार मेव्हणा! मला इतकं अपराधी वाटलं की त्याला परत आणता येतो का ते मी तीनदा बघितलं. त्याचा नवा संघ सोडायला तयार नव्हता. तिथे तो झेल घेत होता.

असं करत हंगामाचा शेवटचा दिवस आला. आणि अण्णांची सरासरी होती बरोबर चारशे. केसभर वर नाही, केसभर खाली नाही. शेवटच्या सामन्यात मारलं तर वर जाणार, चुकलं तर तीनशे नव्व्याण्णव. आणि भिंत तीनशे नव्व्याण्णवला ओळख देत नाही.

मी दिवसभर ऑफिसात विचार केला. (पगारपत्रकात त्या दिवशी एका शिपायाला प्राचार्यांचा भत्ता लागला. सापडलं नंतर.) उपाय सोपा होता. अण्णांना शेवटचा सामना खेळवायचाच नाही! संघाबाहेर ठेवलं की सरासरी जागच्या जागी, नाव भिंतीवर, सगळे खूश. आपल्या हुशारीवर खूश होत मी घरी आलो, अण्णांना बाकावर बसवलं, त्यांच्या जागी साहेबांना घेतलं आणि चहा झाल्यावर सामना सुरू केला.

तुळशीराम मामा येऊन गेले. दुसरा, तिसरा आला. अण्णांनी खुर्चीतच पाठ सरळ केली.

"आता म्या."

"अण्णा," मी अगदी प्रेमाने म्हणालो, "आज तुम्ही बसा."

खोलीत पंख्याचा तो दोष ऐकू यायला लागला.

"काय म्हनलं?"

"म्हणजे तुमच्याच भल्यासाठी. तुम्ही काही न करता चारशे होताय. आज नुसतं बसायचं."

अण्णा उठले. चष्मा सारखा केला. आतल्या खोलीत गेले आणि आपली पिशवी घेऊन बाहेर आले. पिशवीत धोतर कोंबलेलं, डोळ्यांचे थेंब वर ठेवलेले.

"सुनंदा, मला एष्टीत बसवून दे."

सुनंदा पिठाच्या हातांनी धावत आली. "अहो, काय केलंत तुम्ही?"

"काही नाही गं! मी फक्त अण्णांना बसवलं!"

"अण्णांना बसवलं?" दिवसातून पन्नास वेळा 'अण्णा, बसा' म्हणणारी माझी बायको माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी त्यांना पंगतीतून उठवलं होतं. "अहो, जावई ना तुम्ही?"

अण्णा दारात उभे होते. रागावलेले नव्हते, तेच जास्त लागलं. "घरी मोटर चालू कराया उठलो का दत्तू म्हनतो, अण्णा तुमी बसा. लग्नाला गेलो का खुर्ची आनून देत्यात, बसा. मयतीला गेलो तरी बसा. हितं लेक म्हनती बसा. एक तुमच्या त्या खेळात तेवढा उभा हुतो म्या, जावईबापू."

मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मोबाईलसकट मला पोटात घ्यावं.

तेवढ्यात सुनंदाने दत्तूला फोन लावून स्पीकरवर टाकला. "दत्तू, यांनी अण्णांना बसवलं, अण्णा निघाले!"

"दाजी!" दत्तू ओरडला. "मला दिलं तवा काय बोललो का म्या? पन अण्णांना बसवलं?"

मागून तुळशीराम मामांचा आवाज. (मामा दत्तूकडे काय करत होते ते कळलं नाही. बहुतेक शेवटचा दिवस म्हणून आले असावेत.) "जावईबापू, भावजी बसनार असतील तर आमी बी खेळत न्हाई. आमचं नाव काढा!"

"मामा, सामना सुरू आहे! तुम्ही आत्ता पळत जाऊन पहिल्या ठाण्यावर उभे आहात!"

"मंग उतरवा मला!"

"उतरवता येत नाही!"

"नवरदेव न्हाई आन् आमी वाजवायचं कुनाम्होरं?"

मी घामाघूम होऊन मोबाईल चाचपत होतो. आणि मला दिसलं की एक वाट आहे. सामना चालू असताना बदली फलंदाज पाठवता येतो. या गोंधळात सामना आपला आपण चालत पार शेवटाला आला होता. साहेब तीनदा बाद झाले होते, आता चौथ्यांदा त्यांची पाळी. मी साहेबांना उठवलं. (प्रत्यक्षात हे कधी जमणार नाही.)

"अण्णा! तुम्ही आलात! पण एकच संधी आहे. चुकलं तर चारशे गेलं."

"जाऊंद्या."

"नाव भिंतीवरून जाईल!"

"भिंत तुमची हाय. सांगा."

अण्णांनी पिशवी खाली ठेवली, टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि हॉलच्या मधोमध उभे राहिले. सुनंदाने बसा म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. फोनमध्ये तिसगाव श्वास रोखून होतं.

"पहिला चेंडू... सोडला. दुसरा... हुकला. तिसरा..." मी डोळे मिटले, मग लक्षात आलं की इथे बघणारा मी एकटाच आहे. उघडले. "मारला! अण्णा, मारला! लांब! पार मैदानाच्या भिंतीकडे..."

"गेला का?"

भिंतीला पाठ लावून समोरच्या संघातल्या एका माणसाने उडी मारली आणि झेल घेतला. त्याचं नाव मी वाचलं. न वाचता राहिलो असतो तर बरं झालं असतं. दत्तूचं नाव.

अण्णांना मोबाईलमधलं काही दिसत नव्हतं. खोटं बोलायला इतकी सोपी जागा मला जन्मात मिळाली नसती. पण काळ्या चष्म्याआडून ते माझ्याकडेच बघत होते, आणि टोपी घातलेल्या माणसाशी खोटं बोलणं मला जमलं नाही.

"झेलबाद, अण्णा," मी म्हणालो. "तीनशे नव्व्याण्णव."

"लांब गेल्ता ना पन?"

"भिंतीपर्यंत."

"मंग झालं तर!" अण्णा खुर्चीत टेकले, या खेपेला कोणी न सांगता. "सुनंदा, चहा टाक. जावईबापूंना बी दे, रडकुंडीला आल्यात."

झेल कोणी घेतला ते मी अजून सांगितलेलं नाही. दत्तूच्या घरात म्हशी आहेत, अण्णा आहेत, शांतता आहे. ती राहू द्यावी.

डोळे बरे झाल्यावर अण्णा तिसगावला गेले. त्या चेंडूची हकिकत आठवडी बाजारात इतक्यांदा सांगून झाली आहे, की तो आता भिंतीवरून जाऊन पाथर्डीच्या रस्त्याला लागला आहे. शेवटी अण्णा न चुकता म्हणतात, "चारशे झालंच असतं. पन जावयानं मला बसवून आंग गार केलं." परवा एका लग्नाला गेलो तर मांडवात ओळख ना पाळख अशी माणसं माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली. "बसा जावईबापू, तुमी बसा! तुमाला बसवायची लई हौस!"

मी बसतो. नवा हंगाम सुरू झाला आहे. अण्णांची सरासरी सध्या एकशे ऐंशी आहे, संघ तळाला आहे, आणि बेसबॉल कळणारा कुठलाही माणूस असा फलंदाज एका मिनिटात बाकावर बसवेल. मी त्यांना रोज चौथ्या क्रमांकावर पाठवतो आणि संध्याकाळी फोन करून सांगतो, "अण्णा, आज चेंडू थोडक्यात हुकला."