मामांचं ऑपरेशन मीच करणार होतो

चूक माझी होती, आणि ती मी निघता निघता केली. मुखेडचं शस्त्रक्रिया शिबिर संपलं होतं, हैदराबादहून विमान गाठायचं होतं, गाडी सुरू होती. गंगाराममामा खिडकीशी आले. त्यांच्या हर्नियाचं ऑपरेशन त्या आठवड्यात राहून गेलं होतं; बीपी चढलेलं, भूलतज्ज्ञ नको म्हणाले. मी काच खाली करून म्हणालो, "मामा, पुढच्या वर्षी मीच करतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका." आजूबाजूचे लोक कौतुकानं बघत होते. मला बरं वाटलं.

मामा सख्खे नव्हेत. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून. आई त्यांना राखी बांधायची. मी मेडिकलला निघालो तेव्हा एसटीच्या टपावर माझी ट्रंक त्यांनीच चढवली होती.

पुढच्या वर्षी मी इंग्लंडमध्ये नुकताच कन्सल्टंट झालो होतो, रजा मिळेना. त्याच्या पुढच्या वर्षी मुलीची परीक्षा आली. दोन्ही वेळा शिबिराच्या ग्रुपवर 'सॉरी, जमत नाही' असा मेसेज टाकला. मामांना कळवावं, हे काही सुचलं नाही. तिकडे पार्टीत मात्र मी गावाकडच्या सेवेबद्दल भरभरून बोलायचो.

यंदा आलो. अहमदपूरच्या शिबिरात जेवताना लातूरचे एक सर्जन सहज सांगू लागले. मुखेडकडचा एक हट्टी म्हातारा, हर्नियात अडकलेलं आतडं काळं पडल्यावर जीपमध्ये घालून आणला. त्याआधी त्यांनी दोनदा तारीख दिली होती, हा आलाच नाही. म्हणे आमच्या घरचा डॉक्टर विलायतेहून येणार आहे. आतडं कापावं लागलं, जखम चिघळली, पण वाचला बिचारा. मी नाव विचारलं आणि ताट सारलं.

परदेशात डॉक्टरकी करणाऱ्या तुमच्यापैकी पुष्कळजण असेच रजा काढून शिबिरांना येत असाल. लातूरला वर्षभर ऑपरेशनं करणारी चांगली माणसं होती. माझ्या एका वाक्यानं मी मामांना त्यांच्यापासून तोडलं. आण्णा, माझे वडील, म्हणायचे, "गावात आलास की आधी विचारत जा, मग सांगत जा." मी नेहमी सांगतच आलो. आता शिबिरात कुणाला पुढची वेळ द्यायची झाली की मी इथल्याच सर्जनचं नाव देतो, फोन लावून देतो. तरी चैन पडत नाही. तिकडे ड्युटीवर असलो की इकडचं आठवतं, इकडे आलो की परतीच्या तिकिटाकडे लक्ष जातं. आपलं घर म्हणजे आपली वाट बघणारी माणसं, असं मी अभिमानानं म्हणायचो. त्या वाट बघण्यानं कुणाच्या जिवावर बेतू शकतं, हे ठाऊक नव्हतं.

अहमदपूरच्या त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी मामांकडे गेलो. ते ओसरीवर बसले होते, निम्मे झालेले. शेत बटईनं दिलंय, बांधापर्यंतही चालवत नाही, असं मामींनी सांगितलं. चहाचा कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "लातूरच्या डाक्टरनं दोन खेपा बोलावलं. हे म्हणले, पोराचा शब्द हाय. आम्ही विमानाकडं बघून राहिलो."

"गप की तू," मामा म्हणाले. "त्याला तिकडं काय कमी कामं हायेत? बस रे. सून कशी हाय?"

ते मला सुटायला वाट करून देत होते. कप खाली ठेवून मी त्यांच्या पायांशी बसलो.

"मामा, कामाचं निमित्त नको. मला यायला जमणार नव्हतं, तेव्हा एक फोन करून लातूरला जा म्हणायला हवं होतं. आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका म्हणालो, ते तुमच्यासाठी नव्हतं. चार लोकांत मला मोठं व्हायचं होतं. तुमचे हे हाल माझ्यामुळे झाले. मला माफ करा."