थरथरीचा आलेख

माझा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा मी पहिला संशय टेबलावर घेतला. आमच्या प्रयोगशाळेत ही रीतच आहे. मापन चुकलं की आधी उपकरण, मग वायरिंग, मग वीज खातं, आणि सगळ्यात शेवटी माणूस. चंदिगढच्या सेक्टर तीसमध्ये मी प्रकाशीय उपकरणांवर काम करते, म्हणजे भिंगं आणि आरसे असे बसवते की लेसरचा किरण नेमका मधोमध जाईल. हे काम बारीक स्क्रूंनी होतं. स्क्रू केसभर फिरवायचा आणि पडद्यावरचा लाल ठिपका कुठे सरकला ते पाहायचं. मी टेबल तपासलं, टेबलाचे पाय तपासले, शेजारच्या खोलीतला पंप बंद करायला लावला. ठिपका नाचतच राहिला. मग मी स्क्रूवरून हात काढला आणि ठिपका गुणी मुलासारखा जागेवर बसला.

मेडिकल इन्स्टिट्यूटमधले डॉक्टर सोलापूरचे निघाले. त्यांनी मला कागदावर जिलबीसारखी चक्री काढायला लावली. चक्रीला सगळीकडून दात फुटले. "घाबरण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "काहींचा हात असा थरथरतो. जिवाला धोका नाही. गोळीने थोडा फरक पडेल, पण पूर्ण जाईलच असं सांगत नाही." मग त्यांनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. या शहरात मराठीत मिळालेला तो सगळ्यात प्रामाणिक सल्ला होता.

प्रयोगशाळेत मी हातानेच ओळखली जायचे. इतरांचे शोधनिबंध होते, माझा हात होता. त्या वर्षी रुग्णालयांसाठी एक सूक्ष्मदर्शक बनत होता आणि त्याची भिंगं मी बसवायची होती. थरथरीचं सांगितलं असतं तर ते काम माझ्याकडून गेलं असतं आणि माझ्या वाट्याला नुसत्या मीटिंगा उरल्या असत्या. म्हणून मी घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. गोळ्या घेतल्या आणि जमेल तितकं डाव्या हाताने करायला लागले.

"आई, मेडिटेशन ट्राय करो ना," लेक म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. "आप तो बुद्धिस्ट हो, यार."

"तू पण आहेस की."

"मैं तो संडेवाली हूँ."

खरं तर मीही तीच होते. नागपूरला आमच्या घरी भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक बुद्धाची आणि एक निळ्या कोटातली. रविवारी वंदना, पौर्णिमेला खीर, आणि रोजच्या रोज अभ्यास. धम्म म्हणजे शिकायचं आणि मान वर करून चालायचं. ध्यानाबिनाचा विषय निघाला की वडील म्हणायचे, "आपल्या लोकांचे डोळे उघडायला इतकी वर्षं लागली. आता मिटायचे कशाला?"

तरी मी गेले. सेक्टर चौतीसमध्ये एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर ध्यानाची कार्यशाळा होती. दारात बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्या डोक्यातून कारंजं उडत होतं. ज्या माणसाने घरदार सोडलं त्याच्याकडून नळाचं काम करून घेणं मला जरा जास्तच वाटलं. आत मखमली कुडत्यातले एक गृहस्थ कानाला माइक लावून आम्हाला आमच्या आतला प्रकाश पाहायला सांगत होते. प्रकाशाबद्दल माझे काही तांत्रिक प्रश्न होते, ते मी विचारले नाहीत. खालच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे सर पोरांवर ओरडत होते. दोन आवाजांपैकी खालचा मला जास्त विश्वासाचा वाटला.

मग मी घरीच बसायला लागले, आणि तिथे जी चूक केली ती आमच्या प्रयोगशाळेतलाच माणूस करू शकतो. कंपन मोजणारा नखाएवढा सेन्सर हाताला चिकटवला, त्याची वायर लॅपटॉपला जोडली, आणि ध्यानाआधी, ध्यानात आणि ध्यानानंतर थरथरीचा आलेख काढायला सुरुवात केली. डोळे मिटायचे, श्वासाकडे लक्ष द्यायचं. हात शांत झालाय असं वाटलं की एक डोळा हळूच उघडून पडद्याकडे पाहायचं. त्याच क्षणी रेघ उसळी मारायची. काही आठवड्यांनी माझ्याकडे ध्यानाने थरथर वाढते याचा भक्कम पुरावा जमा झाला.

चंदिगढ-मोहालीतले आम्ही काही मराठी बौद्ध रविवारी सकाळी एका मावशींच्या घरी जमतो. मावशी चंद्रपूरच्या. नर्स म्हणून इथे आल्या, मेट्रन होऊन निवृत्त झाल्या आणि परत गेल्या नाहीत. आयटीतली पोरंपोरी, एकदोन डॉक्टर, विद्यापीठातले एक प्राध्यापक, असे आम्ही असतो. वंदनेआधी दर रविवारी वेगळ्या माणसाने मेणबत्ती लावायची, वंदनेनंतर सगळ्यांनी थोडा वेळ गप्प बसायचं, आणि मग पोहे. हात बिघडल्यापासून मी मेणबत्ती लागल्यावरच पोहोचत होते. एका रविवारी मात्र लेकीने मला सोडायची घाई केली आणि मी सगळ्यांच्या आधी पोहोचले. बसताना आलेख काढायचा म्हणून सेन्सर बाहीखाली होता आणि लॅपटॉप पर्समध्ये.

मावशींना वायर लगेच दिसली. "काय वं, ईसीजी काढून राहिली काय?"

मी सगळं सांगितलं. हाताचं, डॉक्टरांचं, आलेखाचं. इतके महिने घराबाहेर कुणाला न सांगितलेलं मावशी पोह्यांचे कांदे चिरत असताना सांगून टाकलं.

"मंग? झाली कमी?"

"वाढली."

"वाढनच ना! पोट्टं रडून राहिलं अन् तू त्याच्याम्होरं घड्याळ धरून बसली, कधी चूप होते म्हून. चूप होईन काय ते?"

"मग काय करू?"

"त्याच्यासंग बस. अन् काढ ते वायर."

"तसं केलं तर थांबेल थरथर?"

"मले काय माहीत? मी नर्स होती, देव नाही. अन् देव आपल्यात नसते."

मी सेन्सर काढून पर्समध्ये टाकला. लोक जमले. मावशींनी काडेपेटी माझ्या हातात दिली. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि वातीपर्यंत जाता जाता विझली. सगळे हात जोडून उभे होते. तिसरी काडी वातीच्या इकडून तिकडे डोलत राहिली. एकही माणूस पुढे आला नाही, एकानेही "द्या ताई, मी लावतो" म्हटलं नाही. ते तेवढा वेळ मेणबत्ती लागण्याची वाट पाहत उभे राहिले, जणू मेणबत्तीला वेळ लागतोच. त्या न पुढे येण्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

"लागली बा एकदाची," मावशी म्हणाल्या. "चला, म्हना."

वंदनेनंतर मी हात मांडीवर ठेवून बसले आणि पहिल्यांदा थरथरीकडे नुसतं लक्ष दिलं. ती सलग नव्हती. अंगठ्यापाशी सुरू व्हायची, मनगटापर्यंत यायची, विरायची, मग मध्ये काहीच नसायचं, मग पुन्हा. सगळं अनित्य आहे ही गाथा मी लहानपणापासून मयतीला म्हणत आले होते. तिचा अर्थ मी असा धरला होता की चांगलं असेल ते जातं. थरथरसुद्धा येते-जाते, हे मला कधी सुचलं नव्हतं. आणखी एक गोष्ट दिसली. हात थरथरत होता ती एक गोष्ट होती आणि त्याची भीती वाटत होती ती दुसरी. इतके महिने मी दोन्ही एकाच वायरवर मोजत होते. मला शांती वगैरे लाभली नाही. पोहे होईपर्यंत भीती थोडी कमी झाली, इतकंच.

असे काही रविवार गेले. मग एका सोमवारी मी प्रयोगशाळेतल्या माझ्या धाकट्या सहकाऱ्याला, पटियाल्याच्या एका सरदारजीला, बोलावून सांगितलं की आता भिंगं तू बसवायचीस, माझा हात थरथरतो.

"पता है, मॅडम जी."

"कब से?"

"सबको पता है जी. चाय का कप आप आधा भरवाती हो."

"तो बोले क्यों नहीं?"

"आपने टेबल को डाँटा, पंप को डाँटा. हमने सोचा, अगला नंबर हमारा है."

मी खूप दिवसांनी इतकी हसले. लपवायला किती मेहनत घेतली होती, आणि सगळ्यांना ते माहीत आहे हे फक्त मलाच माहीत नव्हतं.

तो स्क्रूवर बसला, मी त्याच्या शेजारी. त्याने पहिल्यांदा फिरवला तसा ठिपका पडद्याबाहेर गेला.

"ट्रॅक्टर नहीं है ये."

"जी. कितना घुमाऊँ?"

मला सांगता येईना. सगळी नोकरी हे करत आले, पण ते बोटांना माहीत होतं, मला नाही. "कम," मी म्हटलं. "उससे भी कम. बस सोचो कि घुमाना है, और उतना ही." तो हसला, पण त्याने डोळे बारीक केले आणि तसंच केलं. आम्ही दुपारभर बसलो. शब्द शोधणं हे स्क्रूइतकंच बारीक काम निघालं, आणि त्याला हात लागत नव्हता. संध्याकाळच्या सुमारास ठिपका हळूहळू सरकत आला आणि मधोमध थांबला. एरवी माझं निम्मं लक्ष बोटांकडे असायचं. ठिपका येऊन थांबताना मी पूर्ण असा कधी पाहिलाच नव्हता.

विभागप्रमुख डोकावले. "किसने बिठाया?"

"मॅडम जी ने," तो म्हणाला.

"इसने," मी म्हटलं.

दोन्ही उत्तरं सारखीच अपुरी होती. साहेबांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवून निघून गेले. आम्ही पुढचं भिंग बसवायला काढलं.