एक काना कमी

आमच्या पुष्पलता आत्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि एकदा स्वतःची एक कथा लपवली.

इतवारीतल्या नानाजींच्या छापखान्यात ती प्रुफं तपासायची. नंदनवनातून सायकल हाणत वेळेवर हजर. १९७४ साली तिनं नानाजींच्याच दिवाळी अंकाला टपालानं कथा पाठवली. नाव 'पु. भोयर', म्हणजे माहेरचं आडनाव, आणि पत्ता भिवापूरच्या आमच्या घरचा. प्रुफंवाल्या बाईची कथा म्हटल्यावर नानाजी न वाचताच परत करतील, ही तिची धास्ती. कथा सांगणाराही म्हणून पुरुषच ठेवलेला. नानाजी कथेवर लट्टू! 'पु.' म्हणजे पुरुषोत्तम, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

त्याच महिन्यात कॉलेजातल्या मधुसूदन सरांचं भाषांतर छपाईला आलं. डेन्मार्कच्या कुणा नामवंत लेखकाच्या आठवणी. परमुलखात केलेली शेती, ती हातची गेल्याचं दुःख. नाव पुरुषाचं, म्हणून सरांनी सगळीकडे 'मी गेलो', 'मी रडलो' केलेलं. आत्यानं लाल शाईनं सगळे काने उडवले. गेले. रडले.

सर तणतणत आले. "काहून बदललं, बाई?"

"घर सोडताना चहाच्या कोणत्या कपाले तडा गेला होता, हे माणसाले आठवते का जी? बाई आहे ही."

सर तावातावानं ग्रंथालयात गेले आणि संध्याकाळी मान खाली घालून परतले. लेखिकाच होती. पुरुषाचं नाव घेऊन लिहायची.

नानाजी पोट धरून हसले. मग म्हणाले, "येवढं चांगलं लिहिते, तर नाव काहून लपवलं तिनं? कोणी खाल्लं असतं काय?"

आत्यापुढे तेव्हा नेमकी पु. भोयरांचीच प्रुफं होती. फार भीती वाटली, असं ती अजून सांगते. तरी तिनं पहिल्या ओळीतल्या 'निघालो'चा काना उडवला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. शेवटी 'पु.'चं टिंब खोडून पुढे 'ष्पलता' लिहिलं आणि कागद नानाजींसमोर सरकवला.

नानाजींनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग खिळे लावणाऱ्या जुळाऱ्याला हाक मारली, "नाव मोठ्या टायपात लाव रे!" आणि आत्याकडे वळून कुरकुरले, "दोन पत्रं टाकली ना मी, एकदा भेटायले या म्हणून."

"आली ना जी," आत्या म्हणाली. "बारा वर्षांपासून रोजच येऊन राहिली."